कोणत्या सालची बाग? हेस्टरकूमच्या तीन बागा आणि पुराव्यांचा प्रश्न

सिनॉप्सिस लिहायला घेतला की गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काळ कोणता घेतलास? आपण बहुतेक वेळा दोन गोल आकडे ठोकून देतो, १८५० ते १९५० वगैरे, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. त्या दोन आकड्यांवर किती काय अवलंबून असतं हे बघायला मला एक बाग फार उपयोगी वाटते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात, सॉमरसेट परगण्यात, टाँटन शहराच्या उत्तरेला क्वांटॉक टेकड्यांच्या पायथ्याशी हेस्टरकूम नावाची इस्टेट आहे. नावाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एक 'बी' असतो, तो उच्चारायचा नाही. कूम म्हणजे टेकड्यांमधलं अरुंद खोरं.

मोडकळीला आलेल्या अशा बागांबद्दल 'मूळ रूपात परत आणली' असं सर्रास लिहिलं जातं. मूळ म्हणजे कुठल्या सालचं? हेस्टरकूमच्या बाबतीत या प्रश्नाची निदान तीन उत्तरं आहेत, कारण सुमारे ५० एकरांच्या त्या जागेत तीन वेगवेगळ्या पिढ्यांनी तीन वेगळ्या बागा केल्या. आणि प्रत्येक बागेचा पुरावा वेगळ्या जातीचा आहे. मी एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात केलं, त्यामुळे मला सुरुवातीला यात फक्त झाडं दिसायची. पण इथे कागद, दगड आणि झाडं एकमेकांची साक्ष कशी तपासतात ते बघण्यासारखं आहे. तुमचा विषय रसायनशास्त्राचा असला तरी वाचा.

चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १८७२ पर्यंत हेस्टरकूम वॉर घराण्याकडे होतं. जवळजवळ पाच शतकं एकाच घराण्याकडे जमीन राहिली, पण बागेच्या इतिहासात त्यातली जेमतेम चाळीस वर्षं महत्त्वाची आहेत. १७५० मध्ये इस्टेट कोपलस्टन वॉर बॅम्पफिल्ड याच्याकडे आली. त्याची आई वॉर घराण्यातली. हा गृहस्थ १७२० मध्ये जन्मला आणि १७९१ मध्ये वारला. सॉमरसेटच्या मिलिशियात तो कर्नल होता, आणि मुख्य म्हणजे बऱ्यापैकी चांगला चित्रकार होता. घरामागच्या खोऱ्यात त्याने जी बाग केली तिच्यात फुलांचे ताटवे शोधू नका. त्या काळात इंग्लंडमध्ये जमीनदारांना वेड लागलं होतं ते निसर्गचित्रासारख्या बागांचं. डोंगरउतार, तळं, धबधबा, झाडांचे पुंजके, आणि मधूनमधून एखादं देऊळवजा बांधकाम. पायवाटेने चालत जायचं, ठरलेल्या ठिकाणी बसायचं आणि समोर उलगडणारा देखावा बघायचा. एका देखाव्यावरून दुसरा दिसू नये अशी झाडांची आडोसेवजा लागवड करायची.

बॅम्पफिल्डचे मित्रही याच नादाचे होते. स्टूरहेडचा हेन्री होअर आणि हॅल्सवेलचा सर चार्ल्स टिंट हे दोघे त्याचे शेजारी-मित्र. स्टूरहेडची बाग आज जगप्रसिद्ध आहे, आणि तिथल्या धबधब्याची रचना बॅम्पफिल्डने केली. हेस्टरकूमच्या खोऱ्यात त्याने या दोन मित्रांच्या नावाने एक दगडी कलश उभारला. स्वतःच्या खोऱ्यातला मोठा धबधबा त्याने केला तो विल्यम शेनस्टन या कवीची 'लेझोज' नावाची बाग पाहून आल्यावर. म्हणजे या बागा एकमेकींकडे बघून घडत होत्या. आज आपण ज्याला संशोधनाचं जाळं म्हणतो तसंच ते होतं, फक्त परिषदेऐवजी मेजवान्या असायच्या.

आता पुराव्याकडे या. बॅम्पफिल्डने आपल्या बागेची आणि मित्रांच्या बागांची जलरंगातली चित्रं काढली. बाग ज्याने केली त्यानेच तिचं चित्र काढलं, याहून भक्कम पुरावा कोणता, असं पटकन वाटतं. पण जरा थांबा. चित्रकार मालक आपली बाग जशी आहे तशी काढतो, की जशी व्हायला हवी होती तशी काढतो? त्या पिढीने बागच चित्रासारखी केली होती, त्यामुळे चित्रात एखादं झाड रचनेसाठी दोन हात सरकवणं त्याला काहीच वाटलं नसणार. चित्रातली देवळं आणि तळं खरी असतील, पण त्यांच्यातलं अंतर चित्रावरून मोजायचं नाही. अंतरासाठी जमीन खणावी लागते. आणि चित्रातली झाडं कोणत्या जातीची, याचं उत्तर तर ब्रशच्या चार फटकाऱ्यांतून क्वचितच मिळतं.

बॅम्पफिल्डला मूल नव्हतं. इस्टेट बहिणीच्या मुलाकडे आणि पुढे त्याच्या मुलीकडे गेली. ती मिस वॉर १८७२ मध्ये वारली आणि घराणं तिथेच संपलं.

मग आले पोर्टमन. पहिले व्हायकाउंट पोर्टमन यांनी इस्टेट विकत घेतली, घराचं रूप पालटलं आणि दक्षिणेच्या बाजूला व्हिक्टोरियन पद्धतीची गच्ची केली: आखीव वाफे, मधोमध कारंजं. ही दुसरी बाग. तिच्याविषयी फार सांगण्यासारखं नाही, पण ती लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथे एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि बागांवरच्या देखण्या पुस्तकांत तो सहसा नसतो: पैसा कुठून आला? पोर्टमन मूळचे सॉमरसेटचेच, पण त्यांची खरी श्रीमंती लंडनची. सोळाव्या शतकात घराण्याच्या पूर्वजाने मॅरिलबोन भागात जमीन मिळवली होती. तेव्हा ती शेतं होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथे चौक आणि घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि भुईभाडं सुरू झालं. पोर्टमन स्क्वेअर हे नाव लंडनच्या नकाशावर आजही आहे. म्हणजे खेड्यातल्या बागेचं खत शहरातलं होतं. इंग्लंडमधल्या सगळ्याच इस्टेटींचा पैसा एका मार्गाने आला असं मात्र धरून चालू नका. नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये आपल्या ताब्यातल्या वास्तूंचा वसाहतवाद आणि गुलामगिरीशी असलेला संबंध तपासणारा अहवाल काढला, त्यात ९३ ठिकाणं होती. केवढा गदारोळ झाला त्यावर! हेस्टरकूम नॅशनल ट्रस्टकडे नाही, त्यामुळे त्या यादीवरून इथलं काहीच सिद्ध होत नाही. प्रत्येक इस्टेटीची खातेवही वेगळी उघडावी लागते.

तिसरी बाग सगळ्यांत प्रसिद्ध. व्हायकाउंटच्या नातवाने, म्हणजे एडवर्ड पोर्टमन याने, १९०४ च्या सुमारास एका तरुण वास्तुविशारदाला बोलावलं. त्याचं नाव एडविन लुटियन्स. होय, दिल्लीचे लुटियन्स, तेच. तेव्हा त्यांचं वय पस्तिशीचं. लागवडीचा आराखडा गर्ट्रूड जीकल यांचा. त्या १८४३ च्या, म्हणजे लुटियन्सपेक्षा २६ वर्षांनी मोठ्या. (त्यांच्या आडनावाचा उच्चार 'जीकल'. त्यांचा भाऊ स्टीव्हन्सनचा मित्र होता आणि 'डॉक्टर जेकिल' हे नाव त्या कादंबरीत तिथूनच गेलं असं सांगतात.) जीकल मूळच्या चित्रकलेच्या विद्यार्थिनी. नजर अधू होत गेली तशी त्या बागेकडे वळल्या, आणि सुमारे ४०० बागांसाठी त्यांनी काम केलं. लुटियन्सनी दगड आखायचे आणि जीकलबाईंनी त्यावर झाडं चढवायची, अशी ही जोडी १८८९ पासून जमलेली होती.

१९०४ ते १९०८ या काळात त्यांनी व्हिक्टोरियन गच्चीच्या खाली एक मोठी चौकोनी, खोलगट बाग केली. तिला ग्रेट प्लॅट म्हणतात. चौकोनाला गवताच्या पट्ट्यांनी तिरकं छेदलेलं, मधल्या त्रिकोणांत फुलझाडांची दाट लागवड, कोपऱ्यांत दगडी पायऱ्या. पूर्वेला आणि पश्चिमेला दोन उंचवटे, आणि प्रत्येकावरून चाळीसेक मीटर लांबीचा, दगडात बांधलेला पाण्याचा अरुंद पाट. पाट सरळ वाहतो, मधून मधून छोट्या गोल कुंडांत फुगतो आणि पुन्हा सरळ होतो. दक्षिणेच्या टोकाला दगडी खांबांचा सुमारे ७० मीटर लांबीचा मांडव, आणि त्याच्या चौकटीतून दिसणारा टाँटनचा सखल प्रदेश. दगड दोन प्रकारचे. घरामागच्या खाणीतला खडबडीत स्लेट, आणि जवळच्याच हॅम हिलचा मधासारख्या रंगाचा, घडवता येणारा दगड. भिंतीला पहिला, नक्षीला दुसरा.

हे पाट बघितले की आपल्याकडच्या माणसाला काय आठवतं? मुघल बागा. दिल्लीत राष्ट्रपती भवनाच्या मागे लुटियन्सनी जी बाग केली, आता जिला अमृत उद्यान म्हणतात, तिथेही पाण्याचे पाट आहेतच. तेव्हा लगेच वाक्य तयार होतं: 'हेस्टरकूमवर भारताचा प्रभाव होता.' हे वाक्य ऐकायला छान आहे, पण तारखा लावून बघा. लुटियन्स भारतात पहिल्यांदा आले १९१२ मध्ये. हेस्टरकूमची बाग त्याआधीच झालेली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, सॉनिंग गावातल्या डीनरी गार्डनमध्ये त्यांनी असाच पाट १९०१ च्या आसपास केला होता. म्हणजे ही कल्पना त्यांच्या हातात दहाएक वर्षं मुरलेली होती, आणि दिल्लीला येताना ती ते सोबत घेऊन आले. दिल्लीच्या बागेवर मुघल बागांचा प्रभाव आहे हे नक्कीच, तिथे तर तशी मागणीच झाली होती. पण सॉमरसेटच्या पाटाला श्रीनगरचं पाणी जोडायचं असेल तर मधला दुवा दाखवावा लागेल. एखादं पुस्तक, एखादं पत्र, एखादं पाहिलेलं चित्र. नुसतं सारखं दिसणं पुरत नाही. व्हायवात हमखास अडकवणारी जागा आहे ही.

एडवर्ड पोर्टमन १९११ मध्ये वारला. बाग पूर्ण झाल्यावर त्याला ती जेमतेम तीन वर्षं मिळाली. त्याची पत्नी मात्र १९५१ पर्यंत तिथे राहिली. मधल्या काळात दोन महायुद्धं झाली, वारसा कर वाढला, माळी मिळेनासे झाले. १९४४ मध्ये इस्टेट क्राउनकडे गेली. दुसऱ्या महायुद्धात घरात आधी ब्रिटिश आणि मग अमेरिकन सैन्य होतं. १९५३ मध्ये तिथे सॉमरसेटच्या अग्निशमन दलाचं मुख्यालय आलं. घराच्या पुढ्यात बंब उभे, आणि खाली लुटियन्सच्या पायऱ्यांच्या सांध्यांतून गवत. मागच्या खोऱ्याची गत आणखी वाईट. १९६० च्या दशकात तिथली मोठी झाडं लाकडासाठी तोडली गेली. बॅम्पफिल्डच्या तळ्यात गाळ साचत गेला, देवळं झुडपांत बुडाली.

अशी स्थिती एकट्या हेस्टरकूमची नव्हती. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शेकडो मोठी घरं पाडली गेली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने या विनाशावर एक प्रदर्शन भरवलं आणि तेव्हा कुठे मोठ्या वर्गाला धक्का बसला. बागांच्या इतिहासाचा गंभीर अभ्यासही तिथे तसा अलीकडचाच. गार्डन हिस्टरी सोसायटी १९६५ ची.

हेस्टरकूमचं नशीब पालटलं ते एका खणामुळे. माळ्याच्या शेडमधल्या खणात जीकलबाईंचे लागवडीचे आराखडे सापडले. प्रत्यक्ष बागेत हाताळलेले कागद ते. त्यांच्या आधारावर १९७३ पासून सॉमरसेट काउंटी कौन्सिलने तिसऱ्या बागेची पुनर्लागवड सुरू केली. अग्निशमन दलाच्या मुख्यालयात एडवर्डियन बाग परत फुलली, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यांत लोभस चित्र वाटतं.

जीकलबाईंचे बाकीचे कागद कुठे गेले, हेही ऐका. १९३२ मध्ये त्या वारल्या. पुढे बिअट्रिक्स फॅरांड या अमेरिकन उद्यानरचनाकार बाईंनी त्यांच्या आराखड्यांचा मोठा संग्रह विकत घेऊन अमेरिकेला नेला, आणि १९५५ मध्ये तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेला दिला. सरे परगण्यातल्या बाईंच्या बागांचा अभ्यास करायचा तर पुरावा अटलांटिकपलीकडे, पार दुसऱ्या किनाऱ्यावर. आपल्या विषयाचे कागद विषयाच्या गावातच असतील असं गृहीत धरून प्रवासखर्चाचं अंदाजपत्रक करू नका.

आराखडा हातात आला म्हणजे काम संपलं असं वाटेल. खरं काम तिथून सुरू होतं. पहिली अडचण नावांची. जीकल 'मेगासिया' लिहितात, आज आपण त्याला बर्जेनिया म्हणतो. रुंद, चामड्यासारख्या पानांची ही वनस्पती त्यांनी ग्रेट प्लॅटच्या वाफ्यांना किनार म्हणून लावली. आयुर्वेदातला पाषाणभेद म्हणून जी हिमालयातली वनस्पती वापरतात ती याच प्रजातीसमूहातली, म्हणजे त्याच जीनसमधली. त्या 'फंकिया' लिहितात, ती आजची होस्टा. पायऱ्यांच्या फटींतून डोकावणाऱ्या छोट्या डेझीचं नावही मधल्या काळात बदललं. वर्गीकरणशास्त्र ज्यांना नेट-सेटच्या तयारीत रुक्ष वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं. समानार्थी नावांची यादी नसेल तर शंभर वर्षांपूर्वीचा आराखडा नुसता वाचता येत नाही, लावणं तर दूरच.

दुसरी अडचण वाणांची. वनस्पतीची जात मिळते, पण त्या काळचा नेमका वाण, म्हणजे तीच उंची, तीच निळी छटा, रोपवाटिकांतून नाहीसा झालेला असू शकतो. मग जवळचा पर्याय लावायचा. जीकलबाईंचं सगळं काम रंगांच्या सरकत्या मेळावर उभं होतं. त्या वाफे चौकोनी करत नसत. लांबट, एकमेकांत सरकणारे पट्टे आखत आणि प्रत्येकात रोपांची संख्या लिहीत. त्यातला एक पट्टा जरा पिवळसर झाला तर शेजारचे दोन बिघडतात. १९०८ मध्ये 'कंट्री लाइफ' साप्ताहिकात या बागेची छायाचित्रं आली. ती फार मोलाची, पण काळी-पांढरी. त्यांतून रोपांची उंची कळते, दाटी कळते, पायऱ्यांवर काय पसरलं होतं ते कळतं. रंग कळत नाही. म्हणजे आराखडा नाव सांगतो, फोटो आकार सांगतो, आणि जी गोष्ट बाईंना सगळ्यांत महत्त्वाची होती ती या दोघांच्या मधल्या फटीत पडते. तिथे जीकलबाईंची स्वतःची पुस्तकं कामी येतात, कारण रंगांबद्दल त्यांनी सविस्तर लिहून ठेवलं आहे.

तिसरी अडचण सगळ्यांत चिवट. आराखडा म्हणजे बाग नव्हे. आपल्या प्रयोगवहीत 'करायचं आहे' आणि 'केलं' हे दोन वेगळे रकाने असतात, तसंच. आराखड्यात १२ रोपं लिहिली. माळ्याला ९ च मिळाली असतील, दोन थंडीत मेली असतील. म्हणून लागवडीचे कागद रोपवाटिकेच्या नोंदींशी ताडून बघायचे. जीकलबाई मन्स्टेड वुडच्या आपल्या रोपवाटिकेतून अनेक बागांना रोपं पाठवत आणि त्याच्या वह्या ठेवत. पाठवलेल्या रोपांची नोंद ही आराखड्यापेक्षा एक पायरी वास्तवाच्या जवळची. पोचलेल्या आणि जगलेल्या रोपांची नोंद आणखी एक पायरी जवळची, पण ती सहसा कुणी करत नाही.

मागचं खोरं मात्र अजून तसंच पडलेलं होतं. १९९२ मध्ये फिलिप व्हाइट यांनी ते हाती घेतलं. इथे शेडमधला खण नव्हता. होती ती बॅम्पफिल्डची चित्रं, काही बांधकामांचे अवशेष, आणि झुडपांखालची जमीन. गाळ उपसला, पाया शोधला, चित्राशी ताडला, आणि काही बांधकामं दुरुस्त केली तर काही पायावरून नव्याने उभी केली. १९९७ मध्ये हे खोरं लोकांसाठी उघडलं, शतकाहून अधिक काळानंतर. त्यातली एक वास्तू मला विशेष आवडते: विच हाउस, चेटकिणीचं घर. वाकड्यातिकड्या खोडांचं आणि फांद्यांचं झोपडं. आता विचार करा, दगडी देऊळ अडीचशे वर्षं टिकतं, पण खोडाफांद्यांचं झोपडं कसं टिकेल? ते मुळातच दर काही वर्षांनी दुरुस्त करायचं बांधकाम. मग नव्या लाकडाचं विच हाउस हे अस्सल की नक्कल?

या प्रश्नावर एक आंतरराष्ट्रीय दस्तऐवज आहे. ऐतिहासिक बागांसाठीची फ्लॉरेन्स सनद १९८१ मध्ये तयार झाली आणि १९८२ मध्ये इकोमॉस या संस्थेने ती स्वीकारली. तिच्यातले तीन मुद्दे इथे कामाचे. आधी सखोल संशोधन, मग जीर्णोद्धार. बागेच्या सगळ्या टप्प्यांचा मान राखायचा, एका काळाला दुसऱ्यापेक्षा वरचढ मानायचं नाही; अपवाद फक्त भरपूर नासधूस झालेल्या भागांचा, आणि तोही निर्विवाद पुरावा असेल तर. आणि बाग पूर्ण नाहीशी झाली असेल, हाती केवळ अंदाज असतील, तर नव्याने केलेल्या बागेला ऐतिहासिक बाग म्हणायचं नाही.

ही कलमं हेस्टरकूमला लावून बघा. तिसरी बाग सुटते: दगडकाम जागेवर होतं, आराखडा हाती होता. पहिली बाग काठावर उभी राहते. जमिनीचा आकार, तळं, पाया हे सगळं खरं. पण झाडं तोडलेली होती, आणि निसर्गचित्रासारख्या बागेत झाडं म्हणजेच तर भिंती. केनिलवर्थच्या किल्ल्यात २००९ मध्ये इंग्लिश हेरिटेजने राणी एलिझाबेथच्या काळातली बाग उभी केली, ती मुख्यतः १५७५ मधल्या एका पत्रातल्या वर्णनावर आणि उत्खननावर. तिथे वर जुनं काहीच उरलेलं नव्हतं. तिच्यापुढे हेस्टरकूमचं खोरं कितीतरी भरभक्कम पुराव्यावर उभं आहे असं माझं मत. मात्र तिथल्या प्रत्येक झाडाला १७७० चं म्हणता येणार नाही.

आणि दुसरी बाग? व्हिक्टोरियन गच्ची अजून आहे, घर आणि ग्रेट प्लॅट यांच्या मधोमध. तिच्यासाठी कुणी खण उघडले नाहीत, तिच्यावर कुणी हळवं होत नाही. पण सनदेच्या शब्दाला जागायचं तर तिचाही हक्क बाकीच्या दोघींइतकाच. ती टिकली, कारण लुटियन्सनी आपली बाग तिच्याखाली उतरवली. ती काढून लुटियन्सच्या रचनेला 'शुद्ध' करायचं कुणाच्या मनात आलं असतं तर १९०४ चे लुटियन्सच खोटे ठरले असते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर ती होती आणि तिला धरूनच त्यांनी उतार आखला. काळ निवडताना आपण काय काय वगळतो ते या गच्चीवर उभं राहून फार स्वच्छ दिसतं. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगायचं तर ही संदर्भपातळीची निवड आहे. शून्य कुठे धरायचं ते तुम्ही ठरवता, मोजमाप नंतर येतं.

यात एक साक्षीदार असा आहे ज्याला कुठल्याच सालाशी देणंघेणं नाही. हेस्टरकूमच्या वास्तूत वटवाघळांची वसाहत आहे. लेसर हॉर्सशू नावाची छोटी, नाकावर घोड्याच्या नालासारखी घडी असलेली जात. तिच्या प्रजननाच्या जागेमुळे हेस्टरकूम हाउस हे विशेष संवर्धन क्षेत्र म्हणून कायद्याने संरक्षित आहे. ही वटवाघळं अंधारात, झाडांच्या आणि कुंपणांच्या कडेकडेने उडतात. मोकळं, उजेडाचं मैदान ओलांडायला ती कचरतात. म्हणजे पडीक काळात वाढलेली झाडी आणि दुर्लक्षित छपरं त्यांच्या फायद्याची होती. इतिहासकाराला अठराव्या शतकातला देखावा मोकळा करायचा असतो, तिथेच पर्यावरणवाद्याला झाडांची ओळ अखंड हवी असते. दुर्लक्षाची चाळीस वर्षं हाही बागेच्या इतिहासातला एक टप्पा आहे आणि त्याला रहिवासी आहेत. मला एखादा शोधनिबंध लिहायला मिळाला तर मी यावरच लिहीन: जीर्णोद्धाराच्या प्रत्येक निर्णयाने अधिवास कुठे जोडला गेला आणि कुठे तुटला. वटवाघळांच्या नोंदी आणि बागकामाच्या नोंदी शेजारी ठेवल्या की करता येण्यासारखं काम आहे.

ज्यांना इतिहासाच्या बाजूने जायचं आहे त्यांच्यासाठी दुसरा विषय तिथेच पडलेला आहे. लुटियन्सचं नाव आहे, जीकलबाईंचं आहे, पोर्टमनचं आहे. पण ग्रेट प्लॅटची माती कुणी उकरली, पाटाचे दगड कुणी बसवले, जीकलबाईंचा आराखडा वाचून त्याप्रमाणे हजारो रोपं कुणी लावली? ते कागद शेडच्या खणात टिकले, याचा अर्थ कुणीतरी माळी ते काम करताना बघत होता, घडी घालून परत ठेवत होता, आणि बाग उजाड झाल्यावरही त्याने किंवा त्याच्या मागून आलेल्याने ते जाळले नाहीत. अशा माणसांचा माग काढायचा तर बागेवरची पुस्तकं बाजूला ठेवून जनगणनेचे तक्ते, मजुरीच्या वह्या आणि पॅरिश चर्चच्या नोंदवह्या उघडाव्या लागतात. इंग्लंडमधली १९११ ची जनगणना घरोघरच्या मूळ फॉर्मसकट उपलब्ध आहे आणि तिच्यात व्यवसायाचा रकाना आहे. चेडन फिट्झपेन हे हेस्टरकूमजवळचं गाव. त्या रकान्यात 'माळी' कुणाकुणाच्या नावापुढे लिहिलं आहे, तिथून सुरुवात करता येईल.